हातोडे कोणासाठी थांबतात

तांबोरे गावात कड्याने पुन्हा उच्चारलेलं वाक्य खरं होत असे, आणि कडा फक्त इनामदारांचंच वाक्य पुन्हा उच्चारत असे.

कडा गावाच्या पूर्वेला होता, काळा आणि ताठ. गाव तांबटांचं. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत दोन्ही आळ्यांत तांब्यावर हातोडे पडत. घागरी, बंब, तपेली, परात, जे म्हणाल ते घडे. या आवाजात जन्मलेल्या मुलाला गावाबाहेर नेलं की ते शांततेला घाबरून रडे. दर पुनवेला सकाळी मात्र शिंग वाजे. शिंग वाजलं की हातोडे खाली ठेवायचे, वहाणा काढायच्या, मान खाली घालायची. मग बळवंतराव इनामदार चौथऱ्यावर चढत, कड्याकडे तोंड करत आणि पुकारा करत. कडा तो पुकारा जसाच्या तसा परत देई, आणि त्या क्षणापासून ते तसं असे.

एकदा इनामदार म्हणाले होते, "वरच्या आळीचं पाणी गोड, खालच्या आळीचं खारं." विहीर एकच होती. तरी खालच्या आळीच्या घागरीत पडलं की पाणी खारट लागे. एकदा पुकारा करताना त्यांना शिंक आली आणि कड्याने तीही परत दिली. तेव्हापासून पहिला घास तोंडात घालण्याआधी सगळं गाव एकदा शिंकत असे. त्याची आता सवय झाली होती.

लहानपणी प्रत्येकाने एकदा तरी कड्याकडे तोंड करून चोरून हाक मारलेली असे. कडा गप्प राही. रात्री तर तो कोणाचंच ऐकत नसे, इनामदारांचंही नाही. मोठी माणसं सांगत, इनामदारांच्या मूळपुरुषाला देवाने कडा दिला आहे, आणि देवाने दिलेलं काढून घेणारे आपण कोण? हे ऐकून मुलं घागरी घडवायला शिकत.

हौसाचा नवरा निवृत्ती वडके यानेही हे ऐकलं होतं. पण त्याची खोड अशी की ऐकलेली गोष्ट तो तांब्याच्या पत्र्यासारखी उलटून पाही. एका पुनवेला पुकारा झाल्यावर त्याने हात जोडून विचारलं, "सरकार, देवाने मूळपुरुषाला कडा दिला, तेव्हा देव काहीतरी बोलला असेल. ते कड्याने परत म्हटलं होतं का?"

इनामदार चौथऱ्यावरून उतरून निघून गेले. प्रश्न रास्त होता. कड्याने परत म्हटलं नसेल, तर ते खरं नव्हतं. पुढच्या पुनवेला, म्हणजे चैत्री पुनवेला, त्यांनी पुकारा केला, "निवृत्ती वडके गावात नाही." कड्याने म्हटलं, "निवृत्ती वडके गावात नाही."

त्या दिवसापासून तो गावात नव्हता. घराच्या ओट्यावर त्याची जागा रिकामी दिसे, आणि तो तिथे बसलेला असला तरी ती रिकामीच असे. त्याचं नावही सगळ्यांच्या तोंडून गेलं. "तो आपला... हौसाचा..." इथपर्यंत माणसं येत आणि थांबत. नाव उरलं होतं फक्त दोघांकडे. इनामदारांकडे होतं, कारण त्यांच्या तोंडून गेलेलं कड्याने त्यांना परत दिलं होतं. आणि हौसाकडे होतं, कारण तिने ते कधी वापरलंच नव्हतं. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, पण उखाण्यात घेतलेलं नाव वापरात धरत नाहीत.

वर्ष सरत आलं, तशी हौसा इनामदारांकडे गेली.

"सरकार, आमच्या माणसाला गावात घ्या."

"कोणाला?" इनामदार झोपाळ्यावर बसले होते.

"आमच्या घरच्यांना."

"ते गावात आहेत का?"

"तुम्हीच नाही म्हणालात."

"मग जो गावात नाही, त्याची गावात दाद कशी लागेल? त्याने स्वतः येऊन सांगावं."

"ते इथंच उभे असतील माझ्या शेजारी, पण तुम्हाला दिसणार नाहीत."

"म्हणजे आलेला नाही," इनामदार म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हौसाबाई, वहिवाट तुम्हाला ठाऊक आहे. चैत्री पुनवेला ज्याला 'नाही' म्हटलं, त्याला पुढच्या चैत्री पुनवेला 'कधी नव्हताच' म्हणायचं. अर्धवट नसणं गावाला बरं दिसत नाही. परवा ते होऊन जाईल. मग तुम्हालाही त्रास नाही. आठवणच राहणार नाही."

"आणि माझी पोरं?"

"त्याचा विचार कडा करेल."

हौसा घरी गेली नाही. भाकरीचं गठुडं घेऊन ती थेट वेशीबाहेर गेली. तिचं हे रोजचंच होतं. पुकाऱ्यात 'गावात नाही' असं होतं, त्यामुळे वेशीचा दगड ओलांडला की निवृत्ती होता. दगडाच्या अलीकडे तिच्यासोबत कोणी नसे. पलीकडे पाऊल टाकलं की तो शेजारी चालत असे, कपाळावर घाम, खांद्यावर पंचा.

"ऐकलंत ना सगळं?" तिने विचारलं.

"ऐकलं. झोपाळ्याला तेल हवंय त्यांच्या."

"तुम्हाला थट्टा सुचते. परवा तुम्ही कुठंच नसाल. अशी भाकरी घेऊन मी इथं येईन आणि कोणासाठी आणली तेच मला कळणार नाही."

निवृत्तीने भाकरी मोडली. वेशीबाहेर शिंक येत नसे. "हौसा, गावात नसण्यात एक सोय आहे. चौथऱ्यावर चढायला गावातल्या माणसाला मनाई आहे. मला नाही. गेल्या पुनवेला मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. सगळ्यांच्या माना खाली, वर बघणारा मी एकटाच. शिंग थांबताच त्यांनी पुकारा केला. खालच्या आळीत कोणाचा तरी एक हातोडा अजून चालू होता."

"मग?"

"मग काही नाही. कडा गप्प."

"गप्प? इनामदारांसमोर?"

"त्यांनी घसा खाकरल्यासारखं केलं. हातोडा थांबला. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि कड्याने ते परत दिलं. हौसा, कडा त्यांचं ऐकत नाही. आपण गप्प बसतो तेव्हा जो बोलत असेल, त्याचं ऐकतो. इनामदार बोलतात तेव्हाच आपण गप्प बसतो, एवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा घरोघर फिरली. लाकडं आणायला जातो असं सांगून दोन्ही आळ्यांतली माणसं एकेकटी वेशीबाहेर आली. सागाच्या सावलीत निवृत्तीला बघून काही जणांना भरून आलं. वेशीबाहेर सगळ्यांना त्याचं नाव आठवत होतं, म्हणून जो तो ते पुन्हा पुन्हा घेत होता. "निवृत्ती, वाळलास रे." "निवृत्ती, माझा बंब तुझ्याकडे राहिलाय."

शाळेचे रेगे मास्तरही आले होते. निवृत्तीचं बोलणं ऐकून ते उठून उभे राहिले.

"हे नवीन नाही," ते म्हणाले. "अडीच-तीनशे वर्षांपूर्वी फिरंगी मुलखात काही शहाण्या माणसांनी हेच विचारलं होतं. राजाला राजा कोणी केलं? देवाने केलं म्हणाल तर दाखला दाखवा. त्यांतले काही म्हणाले, देवाने नाही, लोकांनीच आपसांत करार केला, म्हणून राजा झाला. आणि राजाने करार मोडला तर लोकही मोकळे."

"कसला करार?" ठकूआजी म्हणाली. गावात सगळ्यांत म्हातारी तीच. "तुमचा करार झाला तेव्हा मी कुठं होते?"

"तुम्ही तिथंच होतात, आजी."

"मला कोणी विचारलं नाही."

"विचारलं. शिंग वाजलं. तुम्ही गप्प राहिलात."

ठकूआजीने बराच वेळ तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात फिरवली. "म्हणजे इतकी वर्षं दर पुनवेला मी सही करत होते म्हण की," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, मी नुसतीच उभी आहे."

माणसं हसली, पण लगेच थांबली. ठरवायचं बरंच होतं. उद्या हातोडे थांबवायचे नाहीत, हे सगळ्यांना पटलं. पण मग पुढे काय? खालच्या आळीचा एक जण म्हणाला, "एक हातोडा पुकारा अडवतो हे खरं. पण मग आपलंही काही होणार नाही. प्रत्येकजण दुसऱ्याचं अडवत बसेल."

"म्हणून पाळी लावायची," निवृत्ती म्हणाला. "ज्याची पाळी, त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं."

"आणि पाळी मिळालेल्याने भलतंच काही म्हटलं तर? उद्या कोणी म्हणेल, ठकूआजी गावात नाही."

"म्हणून तर," मास्तर म्हणाले. "त्या शहाण्या माणसांनी हेही सांगून ठेवलंय. कायदा करणारा, चालवणारा आणि निवाडा देणारा एकच नको. बोलणारा बोलेल. पण हातोडा खाली ठेवायचा नाही, हातातच धरायचा. कोणाला नाहीसं करणारा शब्द आला की मारायचा घाव, वाक्य पुरं व्हायच्या आत."

हे सगळ्यांना आवडलं. मधेच घाव घालण्याचा हक्क प्रत्येकाला असावा असं ठरलं, बायकांनाही. बायकांकडे हातोडे नव्हते, तेव्हा त्यांना उलथनं चालेल असं धरलं.

शेवटी निवृत्तीचा प्रश्न आला. पुकाऱ्यात माणूस नाव-आडनावाने घ्यावा लागतो, नाहीतर कडा शब्द परत देतो पण होत काही नाही. आणि वेशीच्या आत पाऊल टाकलं की निवृत्तीचं नाव सगळ्यांच्या तोंडून जाणार होतं. सगळ्यांनी हौसाकडे पाहिलं.

"मला नाही जमायचं," हौसा म्हणाली. तिचे कान लाल झाले. "त्यांच्यादेखत? सगळ्या गावासमोर?"

"त्याच्यादेखत कसं? तो तर गावात नाही," ठकूआजी म्हणाली.

चैत्री पुनवेला सकाळी शिंग वाजलं.

हौसा दारात उलथनं घेऊन उभी होती. पहिल्यांदा सवयीने सगळेच हातोडे थांबले. तेवढीशी शांतता पडली. इनामदार चौथऱ्यावर चढले होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात वरच्या आळीत एक घाव पडला. खण्ण. मग खालच्या आळीत एक. मग ठकूआजीने परातीवर लाटणं मारलं. बघता बघता दोन्ही आळ्या रोजच्यासारख्या वाजू लागल्या, फक्त आज माना वर होत्या.

इनामदारांनी पुकारा केला. तो कोणाला ऐकूही आला नाही. कडा गप्प होता. त्यांनी पुन्हा केला. कडा गप्प. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. मग ते वळून गावाकडे बघू लागले. एवढी तोंडं आपल्याकडे बघताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते पायऱ्या उतरून खाली आले आणि पाराच्या कडेला बसले. कोणी त्यांना हात लावला नाही. कोणी त्यांना उठाही म्हटलं नाही.

मास्तरांनी हात वर केला. आता पाळी हौसाची होती. ती चौथऱ्यावर चढली. पायऱ्या वाटत होत्या त्यापेक्षा उंच होत्या. हातोडे एकेक करत थांबले. वरची आळी थांबली. खालची थांबली. एक मात्र थांबला नाही.

खालच्या आळीच्या टोकाला काशिनाथ पिंपळे घागरीला मठार देत होता. सारख्या अंतरावर बारीक घाव, एकामागून एक. काशिनाथ कोणाशी फारसा बोलत नसे. कोणी त्याच्याशी बोललेलंही कोणाला आठवत नव्हतं.

"काशिनाथ, बस कर!" कोणीतरी ओरडलं. "हातोडा काढून घ्या त्याचा!"

"काढून घ्यायचा नाही," मास्तर म्हणाले. "काल ठरलंय."

कड्यामागून सूर्य वर येत होता. हौसाला वाटलं, वर्षभर भाकरी वाहिली ती याच्या एका हातोड्यापाशी संपणार. ती पायऱ्या उतरली आणि काशिनाथच्या पुढ्यात जाऊन बसली.

"भावजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

काशिनाथचा हात चालूच होता. "काही नाही."

"मग थांबत का नाही?"

"माझ्यासाठी कधी कोणी थांबलं नाही. मी का थांबू?"

हौसाने थोडा विचार केला. यात चूक काही नव्हतं. "माझी पाळी तुम्ही घ्या," ती म्हणाली. "आधी तुम्ही जा. मी मागून जाते."

हातोडा थांबला. काशिनाथने तिच्याकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं. तो उठला, धोतराला हात पुसले आणि चौथऱ्याकडे चालू लागला. सगळं गाव गप्प झालं. शिंग न वाजता दिवसाउजेडी झालेली ती पहिली शांतता. काशिनाथ वर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं याचा त्याने कधी विचारच केलेला नव्हता. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मी काशिनाथ पिंपळे," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

"मी काशिनाथ पिंपळे," कडा म्हणाला.

त्या दिवसापासून कडाही काशिनाथ पिंपळे झाला. दोघांचीही त्याला हरकत नव्हती. काशिनाथ खाली आला तेव्हा त्याचा चेहरा नव्या तांब्यासारखा लखलखत होता. तो आपल्या जागी जाऊन बसला, हातोडा हातात धरला आणि हौसासाठी सगळ्यांच्या आधी गप्प झाला.

हौसा पुन्हा चढली. खाली सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. नाव तिच्या जिभेवर होतं, वर्षभर होतं, पण दात उघडेनात. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग तिला सुचलं. नवऱ्याचं नाव घ्यायची एकच वाट गावाने बायकांना ठेवली होती. ती कड्याकडे वळली आणि लग्नातल्या बोहल्यावर घेतला होता तसा, पण त्याहून चौपट मोठ्या आवाजात, तिने उखाणा घेतला:

"चांदीच्या वाटीत केशराचा शिरा,
निवृत्ती वडके गावात आहेत, हवं त्याला विचारा!"

कड्याने श्वास घेतल्यासारखा एक क्षण गेला. मग सबंध खोरं भरेल असा तो म्हणाला:

"चांदीच्या वाटीत केशराचा शिरा,
निवृत्ती वडके गावात आहेत, हवं त्याला विचारा!"

चौथऱ्यावर, हौसाच्या अगदी शेजारी, निवृत्ती वडके होता. कपाळावर घाम, खांद्यावर पंचा. त्याने तिच्याकडे बघून हळूच म्हटलं, "उखाणा छान होता."

"गप्प बसा हो," हौसा म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून हसता हसता रडू लागली.

खाली गावाने सगळे हातोडे एकदम मारले. कोणी "निवृत्ती" म्हणत होतं, कोणी "हौसाबाई" म्हणत होतं, पण कोणालाच ऐकू येत नव्हतं, आणि कडा अर्थातच गप्प होता. जरा वेळाने आवाज ओसरला तेव्हा माणसांच्या ध्यानात आलं की प्रत्येकाच्या हातात एक चांदीची वाटी आहे, आणि वाटीत शिरा आहे, केशर घातलेला, गरम.

"चांदीचं काम आपल्या गावचं नाही," ठकूआजीने वाटी उलटीपालटी करून पाहिली. "जोड कच्चा आहे." मग ती शिंकली आणि तिने पहिला घास घेतला. पाराच्या कडेला इनामदारही शिंकले. त्यांच्याही हातात वाटी होती.

मग पाळ्या चालू झाल्या. खालच्या आळीने पाणी गोड करून घेतलं. एका म्हाताऱ्याने आपला बहिरा कान बरा करून घेतला, आणि लगेच त्याने हातोड्यांच्या आवाजाबद्दल तक्रार केली. दोन भाऊ एकमेकांच्या पुकाऱ्यात घाव घालत राहिले, म्हणून दोघांनाही खाली बसवून आधी आपसांत बोलून घ्या असं सांगितलं. ऊन डोक्यावर आलं तरी ओळ संपत नव्हती. माणसं ओळीत उभी राहून पुढच्यासाठी गप्प होत होती, मग पुन्हा वाजवत होती, आणि प्रत्येक जण चौथऱ्यावरून उतरताना चढताना होता त्याहून थोडा उंच दिसत होता.

दुपारी इनामदार उठून चौथऱ्यापाशी आले. निवृत्ती तिथे पाळ्या बघत होता.

"मला एक पुकारा करायचा आहे," इनामदार म्हणाले.

"करा की. ओळीत या."

इनामदार घुटमळले. "आणि माझी पाळी येईल, तेव्हा गाव माझ्यासाठी गप्प राहील?"

"राहील," निवृत्ती म्हणाला. "पुरतं ऐकू. फक्त हातोडे हातात असतील."

इनामदारांनी मान हलवली. ओळ पाराला वळसा घालून विहिरीपर्यंत गेली होती. ते तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे एक मुलगी होती, कडेवर भाऊ घेतलेली. तिने मागे वळून त्यांना नीट न्याहाळलं.

"मी माझ्या आईची जागा धरलीय," ती म्हणाली. "ती आली की ती माझ्याऐवजी, आणि तुम्ही तिच्यामागे. लक्षात ठेवा."

"ठेवतो," इनामदार म्हणाले.